तांब्याच्या जुन्या नाण्यांची पारख

जुन्या देवळाचे काम निघाले की तांबे दोन ठिकाणांहून बाहेर येते. एक, दानपेटीच्या तळाशी, फडताळात, कोनाड्यात वर्षानुवर्षे पडून राहिलेले पैसे. आणि दुसरे, पाया उकरताना मातीबरोबर वर येणाऱ्या हिरव्या पडलेल्या चकत्या. पहिल्यांची निदान मोजदाद तरी होते. दुसऱ्यांकडे बहुधा कोणी वळूनही पाहत नाही. त्या पोरांच्या हाती खेळायला जातात, मोडीच्या तराजूत पडतात, नाही तर कोणी हौशी गृहस्थ त्या चिंच लावून लख्ख घासतो आणि मग "याचे किती येतील?" म्हणून गावभर विचारत फिरतो. वास्तविक घासण्यापूर्वी विचारले असते तर उत्तर निराळे मिळाले असते. नाणी जमविणारे जाणकार लोक तांब्याचे नाणे हातात घेतल्यावर काय पाहतात व त्याची किंमत कशावरून ठरवितात, हे गावकरी मंडळींस थोडक्यात कळावे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

शिरपूर हे यात्रेचे गाव. श्री अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या दर्शनास गुजरात, राजस्थान, कर्नाटक अशा दूरदूरच्या प्रांतांतून लोक पिढ्यान्‌पिढ्या येत आले आहेत. यात्रेकरू आपल्या मुलखाचा पैसा कनवटीला लावून निघतो आणि त्यातलाच देवापुढे ठेवतो. म्हणून अशा गावी सापडणारे नाणे वऱ्हाडातलेच असेल असे धरून चालू नये. त्यात आपला वऱ्हाडही अनेक राजवटींचा. सातवाहन, बहामनी, अहमदनगरची निजामशाही, मग मोगल, अशी राज्ये येथे एकामागून एक आली. अकबराच्या वऱ्हाड सुभ्यात बाशिम, म्हणजे आपले वाशीम, हे एक सरकार होते, आणि आईन-इ-अकबरीत सुभ्यांचा वसूल मांडला आहे तो रुपयांत नव्हे, तर तांब्याच्या दामांत. असे चाळीस दाम म्हणजे एक रुपया. दामाचे वजन एक तोळा आठ मासे सात गुंजा, म्हणजे आजच्या हिशेबाने सुमारे एकवीस ग्रॅम. एलिचपुरास, म्हणजे अचलपुरास, मोगलांची टांकसाळ होती. पुढे निजाम आणि नागपूरकर भोसले यांचा दोअमली कारभार झाला, १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या हाती गेला, आणि कंपनीचा व नंतर राणीचा पैसा बाजारात आला. एखाद्या जुन्या घरच्या डब्यात या सगळ्यांचे तांबे एकत्र सापडले तर नवल मानू नये.

आता पारखीविषयी. आपल्याकडे नाणे पारखण्याची विद्या नवी नाही. सराफाचा धंदाच मुळी तो. पण सराफ पारखीत असे ते रुपये आणि मोहरा. रुपया वाजवून पाहायचा, झीज पाहायची, कोणत्या टांकसाळीचा व कोणत्या सालाचा ते पाहायचे आणि त्याप्रमाणे बट्टा कापायचा. तांब्याला ही वागणूक कधी मिळाली नाही. ते खुर्दा म्हणून मोजले जाई, कित्येकदा तोलूनच घेतले जाई. त्यामुळे तांब्याचे नाणे निष्काळजीपणे वापरले गेले. भाजीवाली, तेली, न्हावी, जत्रेतला खेळणीवाला, सगळ्यांच्या हातून ते फिरले. रुपया तिजोरीत पुरून ठेवला जातो, पैसा कोण पुरून ठेवणार? राजवट बदलली की तांबटाने त्याची भांडी केली. उरले ते जमिनीत पडले आणि मातीतल्या क्षारांनी खाल्ले. याच कारणाने एखाद्या राजाचे रुपये आजही उत्तम स्थितीत मिळतात, परंतु त्याच राजाचा पैसा स्वच्छ अक्षरांचा मिळणे कठीण होऊन बसते. संग्राहक तांब्याच्या मागे लागतात ते यामुळे.

पहिला गैरसमज दूर करावयाचा तो जुनेपणाचा. नाणे जितके जुने तितके महाग, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती खरी नाही. सातवाहनांचे हत्तीच्या छापाचे नाणे सतराशे-अठराशे वर्षांपूर्वीचे असते, पण त्यांतले सामान्य प्रकार इतक्या संख्येने मिळाले आहेत की त्यांना फारसा भाव नाही. उलट छत्रपती संभाजी महाराजांचे 'श्री राजा शंभु' असे अक्षर असलेले तांब्याचे नाणे साडेतीनशे वर्षांच्या आतलेच, पण ते क्वचित मिळते. म्हणून ते झिजलेले असले तरी जाणकार त्याला जपतो. किती जुने यापेक्षा किती उरली आणि किती जणांस हवी, यावर भाव ठरतो. १८३५ सालचा कंपनीचा पाव आणा घ्या. एवढे मोठे साल पाहून माणसे हरखून जातात. पण तो इतका पाडला गेला की आजही ढिगांनी मिळतो. महायुद्धात तांबे वाचविण्यासाठी निघालेला, १९४३ ते १९४७ या सालांचा भोकाचा पैसा तर आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी करगोट्यात ओवलेला असेल. त्याचे मोल आठवणीचे आहे, बाजाराचे नव्हे.

दुर्मिळता ठरली की मग स्थिती. या बाबतीत आपल्या शिवराईचेच उदाहरण घेऊ, कारण महाराष्ट्रात सर्वांत अधिक जमविले जाणारे तांब्याचे नाणे तेच होय. महाराजांचा राज्याभिषेक ६ जून १६७४ रोजी झाला. सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई ही त्यांच्या नावाची नाणी. शिवराईच्या एका बाजूस तीन ओळींत 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूस दोन ओळींत 'छत्र पति' अशी अक्षरे, भोवती टिंबांची वर्तुळाकार किनार. लिहिताना 'शिव', 'शीव', 'सिव', 'सीव' असे भेद आढळतात, 'पति'चेही तसेच. संग्राहक या एकेका वेलांटीसाठी जीव टाकतात. त्यांना हसू नये. निरनिराळ्या ठशांचा व टांकसाळींचा माग अशा वेलांट्यांवरूनच काढता येतो. मराठ्यांच्या टांकसाळींवर माहेश्वरी आणि विगिन्स या दोघांनी १९८९ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. तो नाशिकजवळच्या अंजनेरी येथील नाणकशास्त्र संशोधन संस्थेने छापला असून, या विषयात आज त्याचाच आधार घेतला जातो.

शिवराई हातात आली की जाणकार ती खिडकीपाशी नेतो आणि तिरप्या उजेडात धरतो. समोरून पडणाऱ्या प्रकाशात झिजलेले अक्षर दिसत नाही. तिरप्या प्रकाशात त्याची सावली पडते. शिवराई हाताने घण मारून पाडलेली असे. ठसा मोठा आणि तांब्याची चकती लहान, त्यामुळे पुरी अक्षरे चकतीवर उतरलेली फारच थोड्या नाण्यांवर दिसतात. कुठे 'श्री' अर्धी बाहेर गेलेली, कुठे 'राजा'चा नुसता 'जा' राहिलेला. म्हणजे या नाण्याची प्रत ठरविताना दोन गोष्टी वेगवेगळ्या पाहाव्या लागतात: टांकसाळीतून निघाले तेव्हाच किती अक्षर उतरले होते, आणि नंतर हातोहाती फिरून त्यातले किती पुसले. यंत्राने पाडलेल्या इंग्रजी नाण्याला फक्त दुसरा प्रश्न लागू पडतो. नवशिके या दोहोंची गल्लत करतात आणि बाजूला पडलेला पण तीक्ष्ण असा छाप 'झिजका' म्हणून टाकून देतात. खरे पाहता अक्षराची कड हाताला लागते की नाही, हे पाहावे. कड शाबूत असेल तर नाणे कमी वापरलेले आहे, मग अर्धेच अक्षर का असेना.

तिन्ही ओळी वाचता येतात, 'छत्र पति' पुरे आहे आणि किनारीची टिंबे थोडी तरी दिसतात, अशी शिवराई पहिल्या प्रतीची. 'राजा' पुरे व 'शिव' अर्धे, ही मधली. एखादाच 'त्र' किंवा 'शि' ओळखू येतो, ती खालची. आणि नुसती चकती राहिली असेल तर तिला नाणे म्हणावयाचे ते केवळ वजनावरून. व्यापारी लोक यालाच 'फाईन', 'व्हेरी फाईन', 'एक्स्ट्रिमली फाईन' अशी इंग्रजी नावे देतात. नावे ऐकून दबून जाऊ नये. एकाचे 'व्हेरी फाईन' ते दुसऱ्याचे नुसते 'फाईन', असे रोज घडते. विकणाऱ्याची प्रत नेहमी एक पायरी वर असते, हे ध्यानात ठेवले म्हणजे झाले.

वजनही घ्यावे. महाराजांच्या काळच्या शिवराईचे वजन तोळ्याच्या आगेमागे भरते. नंतरच्या काळात पाडलेल्या पुष्कळ हलक्या आहेत. कारण शिवराई महाराजांबरोबर संपली नाही. त्यांच्यामागूनही त्याच अक्षरांची शिवराई पडत राहिली. पेशवाईच्या उत्तरकाळात तर ठिकठिकाणच्या टांकसाळींतून ती निघाली. अक्षरांच्या ओळींमध्ये दोन आडव्या रेघा असलेली 'दुदांडी' शिवराई त्या काळची. इंग्रजी अमलातही ती बाजारात कितीतरी वर्षे चालत राहिली. आज 'महाराजांच्या हातचे नाणे' म्हणून जे विकले जाते त्यातले बरेचसे दुदांडी असते. ते खोटे नव्हे, पण महाराजांच्या काळचेही नव्हे, आणि दोघांच्या भावात फार मोठे अंतर आहे.

स्थितीला आकडा देण्याची पद्धत अमेरिकेत निघाली आणि तीही तांब्याच्याच नाण्यावरून. विल्यम शेल्डन नावाच्या डॉक्टरांनी १९४९ साली तिकडच्या जुन्या तांब्याच्या सेंटवर पुस्तक लिहिले. त्यांचा हिशेब असा, की जेमतेम ओळखू येणाऱ्या नाण्याला एक डॉलर पडत असेल तर त्याच जातीच्या निर्दोष नाण्याला सत्तर डॉलर पडतात. म्हणून प्रत एकपासून सत्तरपर्यंत मोजावी. भाव पुढे कुठच्या कुठे गेले, पण सत्तरचा आकडा तसाच राहिला. १९८६-८७ पासून तिकडच्या कंपन्या नाणे तपासून, आकडा देऊन, प्लास्टिकच्या डबीत बंद करून देऊ लागल्या. आपल्याकडचे काही व्यापारीही आता तसे करून घेतात. शिवराईसारख्या हातघडीच्या नाण्याला हे मोजमाप नीट बसत नाही असे माझे मत आहे, आणि साध्या नाण्याला तो खर्च म्हणजे नाकापेक्षा मोती जड. या शेल्डन महाशयांची आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्यांच्या मृत्यूनंतर असे उघडकीस आले, की न्यूयॉर्कच्या नाणकशास्त्र सोसायटीच्या संग्रहातले उत्तम सेंट त्यांनी स्वतःजवळच्या हलक्या प्रतीच्या सेंटशी गुपचूप बदलून नेले होते. कशावरून उघडकीस आले? सोसायटीकडे त्या नाण्यांची जुनी छायाचित्रे होती त्यावरून. आपल्या संस्थानांनी हे लक्षात घेण्याजोगे आहे. 'तांब्याचे नाणे, नग ४०' एवढीच नोंद वहीत असेल तर चाळीस नग शेवटपर्यंत भरतील, पण तेच चाळीस असतील याची हमी कोण देणार? प्रत्येक नाण्याचे वजन आणि दोन्ही बाजूंचे छायाचित्र असावे.

आता सर्वांत महत्त्वाची बाब, ती म्हणजे नाण्याचा रंग. टांकसाळीतून निघालेले तांबे लाल असते, हवेने ते तपकिरी होते आणि जमिनीत राहिले की काळसर किंवा हिरवे. इंग्रजी काळातल्या पैशांत मूळचा लाल रंग टिकलेला असेल तर त्याला अधिक भाव मिळतो, लाल-तपकिरीला त्याखालोखाल, तपकिरीला त्याहून कमी. पण हा रंग मूळचा असला पाहिजे. जमिनीतून निघालेल्या नाण्यावर जे घट्ट, गुळगुळीत, हिरवट-काळे पुट चढलेले असते ती घाण नव्हे. तांब्याच्या वरच्या थराचेच ते रूपांतर आहे, आणि पुष्कळदा अक्षर उरलेले असते ते त्या पुटातच. खालचे तांबे खडबडीत होऊन गेलेले असते. चिंच, लिंबू, ताक, राख, भांड्यांची पावडर यांतले काहीही लावले की आंबटाने ते पुट विरघळते, काथ्याने उरलेसुरले अक्षर निघते आणि हाती राहते एक गुलाबी, चकचकीत, मुकी चकती. देवाची उपकरणी घासायची ती पद्धत नाण्याला लावू नये. तांब्याभांड्याचे तेज घासण्याने वाढते, नाण्याचे जाते. पुन्हा रंग चढविण्याचे उपाय बाजारात करतात, परंतु अनुभवी डोळ्याला ते तत्काळ कळतात, आणि एकदा घासलेले नाणे कितीही दुर्मिळ असले तरी संग्राहक त्याला हातचे राखूनच किंमत देतो.

मात्र सगळेच हिरवे चांगले नसते. नाण्यावर फिक्या पोपटी रंगाची, नखाने सहज सुटणारी भुकटी दिसली आणि ती पुसल्यावर थोड्या दिवसांनी परत आली, तर तो रोग समजावा. मातीतल्या मिठाचा अंश तांब्यात शिरलेला असतो. ओल मिळाली की त्यातून आम्ल तयार होते आणि ते आतून नाणे खात जाते. असे नाणे बाकीच्यांपासून दूर, अगदी कोरडे ठेवावे आणि संग्रहालयातल्या रसायनज्ञास दाखवावे. पावसाळ्यात तर याची फार काळजी घ्यावी लागते. सामान्य नाण्यावरची माती काढावयाची असेल तर स्वच्छ पाण्यात भिजवून मऊ कुंचल्याने सावकाश काढावी, ती पूर्ण वाळवावी, आणि पुढे हात लावू नये. नाणे बोटांनी कडेला धरावे. घामाचा अंगठा नाण्यावर कायमचा उमटतो.

जेथे भाव तेथे लबाडी आलीच. शिवराईच्या साच्यात ओतलेल्या नकला जत्रांतून व शहरांतल्या फुटपाथांवर विकतात. ओतीव नाण्याच्या अंगावर बारीक छिद्रे दिसतात, अक्षरांच्या कडा साबणासारख्या बोथट असतात, कडेवर दोन साच्यांच्या जोडाची रेघ असते किंवा ती घासून काढल्याची खूण असते. एकाच जागी एकच ओरखडा असलेली दोन नाणी दिसली की उमजावे. झिजलेल्या नाण्यावर टोच्याने अक्षरे नव्याने कोरण्याचाही उद्योग चालतो.

याहून वाईट प्रकार खेड्यापाड्यांत चालतो, आणि त्यापायी चांगली घरे बुडाली आहेत. राम-सीता किंवा मारुतीची मूर्ती, मागे 'ईस्ट इंडिया कंपनी', 'वन आणा' किंवा 'हाफ आणा', आणि १६१६, १७१७, १८१८ अशी साले. असे नाणे दाखवून त्याला लाखांची किंमत सांगतात. कंपनीने एक आण्याचे नाणे कधी पाडलेच नाही. एक आण्याचे पहिले नाणे १९०७ साली सातव्या एडवर्डच्या नावाने निघाले आणि तेही तांब्याचे नव्हते. देवादिकांच्या छापाच्या या चकत्या म्हणजे तीर्थक्षेत्री विकावयास केलेली टोकने होत. त्यांतलेच एखादे 'तांदूळ ओढते' असे सांगून, परदेशी कंपनी कोट्यवधी रुपयांना घेणार म्हणून, तपासणीच्या नावाखाली आगाऊ रक्कम उकळतात. तांबे लोखंडासारखे काही ओढत नाही. ओढला जातो तो लोखंडाचा कीस चिकटविलेला तांदूळ. पोलिसांनी अशा टोळ्या वेळोवेळी पकडल्या आहेत, तरी माणसे शेत विकून पैसा देतात.

येथवर संग्राहकाच्या किमतीविषयी झाले. दुसरी एक किंमत आहे, आणि तिचा दाखला आपल्या जिल्ह्यातच घडलेला आहे. मंगरूळपीर तालुक्यातील तऱ्हाळा या गावी १९३९ साली सातवाहन राजांच्या नाण्यांचा मोठा निधी सापडला. तेव्हा हा सारा मुलूख अकोला जिल्ह्यात होता. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी निराळा झाला. नाणी दीड हजाराच्या घरात. धातू शुद्ध तांबे नव्हे, तर तांब्यात कथील व शिसे मिसळलेली हलकी मिश्र धातू. एका बाजूस सोंड वर केलेला हत्ती व भोवती ब्राह्मी अक्षरे, दुसऱ्या बाजूस उज्जयिनी चिन्ह. संग्राहकाच्या दृष्टीने पाहिले तर बहुतेक नाणी खालच्या प्रतीची, कित्येकांवर दोनतीनच अक्षरे उतरलेली. नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी ती एकेक करून वाचली. एका नाण्यावर नावाचा आरंभ, दुसऱ्यावर शेवट, अशी जुळवाजुळव करीत गेल्यावर गौतमीपुत्र, पुळुमावी, यज्ञ अशा माहितीच्या राजांबरोबर कुंभ सातकर्णी आणि कर्ण सातकर्णी अशी नावे निघाली, की जी पुराणांतल्या वंशावळीत नाहीत. काही राजांची नाणी शेकड्यांनी, काहींची बोटांवर मोजण्याइतकी. सातवाहनांच्या अखेरच्या काळाचा इतिहास त्यामुळे नव्याने मांडावा लागला. त्याच १९३९ साली खुद्द वाशीमला वाकाटक विंध्यशक्ती दुसरा याचे ताम्रपट उजेडात आले आणि वत्सगुल्माच्या राजशाखेचा पत्ता लागला, हाही एक योग.

तऱ्हाळ्याची नाणी चार बाजारांत चार व्यापाऱ्यांकडे गेली असती तर काय झाले असते? एकट्या नाण्यावरची ती दोन अक्षरे कोणी जोडू शकले नसते. शंभर नाणी एका मडक्यात सापडली तर ती एकाच काळी बाजारात चालत होती असे कळते. सुटी केली की ते ज्ञान संपले. म्हणून जीर्णोद्धाराच्या खोदकामात नाणी निघाली तर ती घासू नयेत, वाटू नयेत, नव्या पायात 'पुण्य' म्हणून पुरूही नयेत. जेथे निघाली त्या जागेचे छायाचित्र घ्यावे, किती खोल व कोणत्या भिंतीपासून किती हातांवर ते लिहावे, मडके वा त्याच्या खापऱ्याही ठेवाव्यात, आणि प्रत्येक नाणे निराळ्या कोऱ्या कागदाच्या पाकिटात घालावे. प्लास्टिकच्या पिशवीत ओल धरते.

कायदाही माहीत असावा. १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जमिनीत पुरलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळविणे बंधनकारक आहे. न कळविल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, अथवा दोन्ही. लोकांना भीती वाटते की सरकार सगळे घेऊन जाईल. परंतु त्याच कायद्यात असे आहे, की मालकी सांगणारा कोणी पुढे आला नाही आणि दोघांत निराळा करार नसेल तर निधीचे तीन हिस्से सापडणाऱ्याचे व एक हिस्सा जागामालकाचा. आणि सरकारने तो घ्यावयाचे ठरविले तर धातूच्या किमतीवर आणखी एकपंचमांश देऊन घ्यावा. शिवाय १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांवरील नाणे हे पुरावशेष ठरते. परवान्यावाचून त्याचा व्यापार करता येत नाही आणि खाजगी व्यक्तीस ते परदेशी पाठविता येत नाही. आपल्या विदर्भात नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय, ज्याला आपण अजब बंगला म्हणतो, ते १८६३ पासून चालू आहे. वाशीमच्या जिल्हाधिकारी कचेरीत अर्ज देताना नाण्यांची संख्या, एकूण वजन, सापडल्याची तारीख आणि छायाचित्रे जोडावीत, आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेऊन ती संस्थानच्या दप्तरात ठेवावी.